मट + क्रॉन: मेल रूटच्या नावाने जातोय, काहींना पोचतच नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता नेमका ठरवतं कोण?

वाचनालय_सेवक

नमस्कार मंडळी,
आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. पुस्तक परत करायची तारीख उलटली की सभासदाला आठवणीचा मेल जावा म्हणून एक शेल स्क्रिप्ट लिहिलीय, ती रोज सकाळी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) चालते. मशीनवर डेबियन १२ (लिनक्स) आहे, मेल पोचवायला पोस्टफिक्स आहे (इन्स्टॉल करताना 'इंटरनेट साइट' निवडलं होतं, त्यानंतर त्याला हात लावलेला नाही) आणि मेल बनवायला मट वापरतो. वाचनालयाचं स्वतःचं डोमेन आहे, त्याच्या मेलबॉक्स एका होस्टिंगवाल्याकडे आहेत, या मशीनवर नाहीत.

माझ्या होममधल्या .मटआरसी (मटच्या सेटिंगची) फाइलमधे 'सेट फ्रॉम' ला सूचना@ग्रंथालय.उदाहरण असा पत्ता दिलाय आणि 'सेट रिअलनेम' ला वाचनालयाचं नाव. टर्मिनलवर माझ्या लॉगिनने स्क्रिप्ट चालवली की फ्रॉम बरोबर दिसतो. पण तीच स्क्रिप्ट, एक अक्षर न बदलता, रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी लॉगिनच्या, क्रॉनटॅबमधून (क्रॉनच्या कामांच्या यादीतून) गेली की फ्रॉममधे रूट@ऑफिस.ग्रंथालय.उदाहरण येतं, आणि सभासद विचारतात की हा रूट कोण आणि याला उत्तर द्यायचं का.

दुसरं म्हणजे काही लोकांना मेल मिळतच नाही, मुख्यतः जीमेलवाल्यांना. स्पॅममधेही बघायला सांगितलं, तिथेही नाही. मट कधीच एरर देत नाही, आणि रूटच्या होममधे 'सेंट' नावाची फाइल तयार झालीय त्यात प्रत्येक मेलची कॉपी आहे. मग मेल गेला म्हणायचा की नाही?

एकाने सांगितलं की सेंडमेलला -एफ लाव, सगळं ठीक होईल. लावायला हरकत नाही पण त्याने काय होतं ते समजल्याशिवाय लावायचं नाहीये, कारण उद्या मी नसलो तर दुसऱ्या कुणाला तरी हे सांभाळता आलं पाहिजे. आमचे बरेच सभासद वयस्कर आहेत, दंड लागायच्या आधी त्यांना कळावं एवढाच हेतू आहे.

काळी_खिडकी

चांगला प्रश्न, आणि समजून घेऊनच करायचंय म्हणालात ते फार बरं केलंत, कारण या विषयात लोक नेटवरून ओळी उचलून चिकटवतात आणि वर्षानुवर्षं मेल हरवत राहतात.

आधी हे पक्कं करा की मट मेल पोचवत नाही. मट फक्त मजकूर आणि हेडर (फ्रॉम, टू, विषय अशा वरच्या ओळी) जुळवून एक पूर्ण मेल तयार करतो आणि /यूएसआर/एसबिन/सेंडमेल या प्रोग्रॅमच्या हातात देतो. तुमच्याकडे पोस्टफिक्स असूनही त्या प्रोग्रॅमचं नाव सेंडमेल का, तर एरिक ऑलमनचा मूळ सेंडमेल ८० च्या दशकापासून युनिक्सवर इतका पसरला होता की नंतर आलेल्या एक्झिम, पोस्टफिक्स सगळ्यांनी त्याच नावाचा आणि त्याच ऑप्शनचा एक प्रोग्रॅम ठेवला, म्हणजे आधीच्या स्क्रिप्ट बदलाव्या लागू नयेत. हा सेंडमेल मेल घेतो, पोस्टफिक्सच्या रांगेत टाकतो आणि 'झालं' म्हणून शून्य परत करतो, मट तेवढ्यावर समाधानी. पुढे जीमेलच्या सर्व्हरने तो घेतला की परत मारला हे मटला कधीच कळत नाही. 'सेंट' फाइलमधली कॉपी तर मट स्वतःच लिहितो, ती पोचपावती नाही. (मटच्या सेटिंगमधे 'सेट कॉपी=नो' द्या, नाहीतर ती फाइल फुगत जाईल आणि सभासदांचे पत्ते, पुस्तकांची नावं सगळं त्यात पडून राहील.)

आता पत्ता. मेलला पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात आणि तुमचा सगळा घोळ त्या दोघांचा आहे. पाकिटावर लिहिलेला पत्ता वेगळा आणि आतल्या पत्राच्या डोक्यावर लिहिलेला वेगळा, पोस्टमन पाकीट फोडत नाही. एसएमटीपीमधे (मेल देण्याघेण्याची सर्व्हरांची भाषा) सर्व्हर सर्व्हरशी बोलतो तेव्हा आधी 'मेल फ्रॉम' सांगतो, मग 'आरसीपीटी टू', आणि मग 'डेटा' म्हणून पूर्ण मेल ओततो. 'मेल फ्रॉम' मधे जे सांगितलं ते पाकीट, म्हणजे एन्व्हलप. वाचणाऱ्याला जे 'फ्रॉम:' दिसतं ते डेटाच्या आतलं हेडर. पोचवण्यासाठी सर्व्हर हेडर बघतच नाही. हे १९८२ च्या आरएफसी ८२१ (एसएमटीपीचे नियम लिहिलेला दस्तऐवज) पासून असंच आहे. मेल परत आला तर तो एन्व्हलपवरच्या पत्त्याला येतो, हेडरमधल्या नाही. हे नीट लक्षात ठेवा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथेच निघेल.

'सेट फ्रॉम' ने फक्त हेडर बदलतं. एन्व्हलप कुणी काही सांगितलं नाही तर सेंडमेल स्वतः ठरवतो, म्हणजे ज्या लॉगिनने चालवलं ते नाव, @, आणि पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ मधलं 'मायओरिजिन' (डेबियनवर ते /ईटीसी/मेलनेम फाइलमधून येतं). म्हणजे तुम्ही हाताने पाठवलेला जो मेल बरोबर दिसतोय ना, त्याचंही एन्व्हलप तुमचं लॉगिन@ऑफिस.ग्रंथालय.उदाहरण असंच असणार. तपासून बघा, जीमेलमधे मेल उघडून 'शो ओरिजिनल' करा आणि 'रिटर्न-पाथ' ची ओळ शोधा, शेवटचा सर्व्हर एन्व्हलपचा पत्ता तिथे लिहून ठेवतो.

क्रॉनमधे हेडरसुद्धा का बिघडतं? रूटच्या क्रॉनटॅबमधून चाललं की होम रूटचं, म्हणून मट रूटच्या होममधली .मटआरसी शोधतो, ती नाहीच, मग तुमचं 'सेट फ्रॉम' त्याने वाचलेलंच नाही. यावर उपाय दोन-तीन आहेत पण मी सांगेन ते हे: या कामासाठी वेगळा साधा यूजर करा, काम त्याच्या क्रॉनटॅबमधे हलवा (पुस्तकाची आठवण द्यायला रूट कशाला पाहिजे), आणि सेटिंगची वेगळी फाइल करून मटला -एफ, कॅपिटल एफ, देऊन तीच फाइल वाचायला सांगा. मग कुणाच्या होममधे काय आहे याचा प्रश्नच उरत नाही. त्या फाइलमधे एवढं:

सेट फ्रॉम="सूचना@ग्रंथालय.उदाहरण"
सेट रिअलनेम="वाचनालयाचं नाव"
सेट यूज_फ्रॉम=येस
सेट यूज_एन्व्हलप_फ्रॉम=येस
सेट कॉपी=नो

चौथी ओळ महत्त्वाची. ती असली की मट सेंडमेलला बोलावताना स्वतःच स्मॉल -एफ लावून फ्रॉमचा पत्ता देतो, म्हणजे एन्व्हलपही तोच होतो. तुम्हाला कुणीतरी सांगितलेला -एफ तो हाच, वेगळा हाताने लावायची गरज नाही. एन्व्हलप मुद्दाम निराळा ठेवायचा असेल, म्हणजे परत आलेले मेल दुसऱ्या बॉक्समधे गोळा करायचे असतील, तर 'एन्व्हलप_फ्रॉम_अॅड्रेस' आहे.

आणि ही अक्षरं सांभाळा. सेंडमेलचा स्मॉल एफ म्हणजे एन्व्हलपचा पत्ता, कॅपिटल एफ म्हणजे पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव. मटचा स्मॉल एफ म्हणजे मेलबॉक्स उघड, कॅपिटल एफ म्हणजे सेटिंग फाइल. चार वेगळ्या गोष्टी.

निळी_शाई

वरचं सगळं बरोबर आहे, पण फक्त पत्ता बदलून जीमेलवाल्यांना मेल मिळायला लागेल असं मला वाटत नाही.

आधी लॉग बघा. डेबियन १२ वर आरसिसलॉग (लॉगच्या फाइल लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप येत नाही म्हणून मेल.लॉग फाइल सापडणार नाही कदाचित, घाबरू नका, जर्नलसीटीएल -यू पोस्टफिक्स@- असं चालवा. प्रत्येक मेलच्या ओळीत शेवटी 'स्टेटस=' असतं. सेंट असेल तर समोरच्या सर्व्हरने घेतला (इनबॉक्स की स्पॅम ते त्याच्या हातात). डिफर्ड असेल तर रांगेत आहे, पोस्टफिक्स पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, डीफॉल्टने ५ दिवसांपर्यंत. बाउन्स्ड असेल तर समोरच्याने कायमचं नाकारलं. रांगेत काय अडकलंय ते मेलक्यू या कमांडने दिसतं.

माझा अंदाज, जीमेलच्या मेलसमोर बाउन्स्ड असेल आणि ५५० ५.७.२६ असा कोड. आणि ते परत आलेले मेल कुठे गेले? एन्व्हलप रूट@ऑफिस... होतं, पोस्टफिक्सला ते आपल्याच मशीनवरचं नाव वाटतं, म्हणून त्याने ते रूटच्या लोकल मेलबॉक्समधे टाकले. /व्हार/मेल/ मधे रूट नावाची फाइल बघा. नसेल तर /ईटीसी/एलिअसेस मधे रूटचा मेल कुणाकडे वळवलाय ते बघा. मला खात्री आहे तिथे ढीग असेल.

कारण असं की जीमेल आता ओळख पटल्याशिवाय मेल घेत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी सगळ्या पाठवणाऱ्यांना किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलंय, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही अधिक डीमार्क (पाठवणारा खरा आहे का ते तपासायच्या या तीन पद्धती, खाली सांगतो). बाकीच्या सभासदांचे मेल सर्व्हर तेवढे कडक नसतील म्हणून त्यांना पोचतो.

इथेही तेच दोन पत्ते. एसपीएफ एन्व्हलपचं डोमेन बघतं, की या डोमेनच्या डीएनएसमधे (डोमेनची जाहीर नोंदवही) ज्या आयपींना (मशीनचा इंटरनेटवरचा नंबर) परवानगी आहे त्यात हा आयपी आहे का. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, ती कोणत्या डोमेनची आहे ते सहीतच असतं. आणि डीमार्क बघतं 'फ्रॉम:' हेडरचं डोमेन, आणि विचारतं की पास झालेलं एसपीएफ किंवा डीकेआयएम याच डोमेनचं आहे का. म्हणजे एन्व्हलप एकाचं, हेडर दुसऱ्याचं, असं झालं तर एसपीएफ पास होऊनही डीमार्क अडकू शकतं.

तुम्ही वाचनालयाच्या ब्रॉडबँडवरून थेट जीमेलला मेल टाकताय, त्या आयपीला तुमच्या डोमेनने परवानगी दिलेली नाही, सही नाही, आणि उद्या आयपी बदलला की परत तेच. म्हणून थेट पाठवणं सोडा. डोमेनचे मेलबॉक्स ज्या होस्टिंगवाल्याकडे आहेत त्याच्याच सर्व्हरमार्फत पाठवा, पोर्ट ५८७, सूचना@ चं यूजरनेम पासवर्ड देऊन. त्याचा सर्व्हर तुमच्या एसपीएफमधे असायलाच पाहिजे, आणि डीकेआयएमची सही तो करतो का ते कंट्रोल पॅनेलमधे बघा, बंद असेल तर चालू करा.

पोस्टफिक्समधे काम एवढंच: 'रिलेहोस्ट' (ज्याच्यामार्फत मेल पुढे जाणार तो सर्व्हर) ला त्याच्या सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे :५८७ (कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स, म्हणजे त्या डोमेनचे मेल घेणारा सर्व्हर, शोधायला जातो), 'एसएमटीपी_एसएएसएल_ऑथ_इनेबल' येस, 'एसएमटीपी_एसएएसएल_पासवर्ड_मॅप्स' मधे पासवर्डच्या फाइलचा पत्ता, 'एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स' नोअनॉनिमस, 'एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल' एन्क्रिप्ट. पासवर्डच्या फाइलची परमिशन ६०० करा, तिच्यावर पोस्टमॅप चालवा (पोस्टफिक्सला वाचता येईल अशी फाइल बनवणारी कमांड), पोस्टफिक्स रीलोड करा. आणि डेबियनवर लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स हे पॅकेज टाकायला विसरू नका, नाहीतर लॉगमधे ऑथेंटिकेशनचा एरर येतो आणि माणूस उगाच पासवर्ड बदलत बसतो.

हिरवा_प्रॉम्प्ट

एवढ्या साध्या कामाला पोस्टफिक्स कशाला? एमएसएमटीपी टाका, मेल थेट दुसऱ्या सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्रॅम. एक छोटी फाइल, त्यात होस्ट, पोर्ट, यूजर, पासवर्ड आणि फ्रॉम. एमएसएमटीपी-एमटीए पॅकेज घेतलं की तो स्वतःच सेंडमेलच्या नावाने बसतो, मटमधे काही बदलायला नको. त्याच्या फाइलमधला 'फ्रॉम' म्हणजे थेट एन्व्हलपचा पत्ता, त्यामुळे कुठे काय ठरतंय हे उघड दिसतं. मी बऱ्याच छोट्या ऑफिसांत हेच लावलंय.

काळी_खिडकी

@हिरवा_प्रॉम्प्ट, एमएसएमटीपी मलाही आवडतो, लॅपटॉपवर तोच वापरतो. पण त्याला स्वतःची रांग नाही. नेट बंद असेल तर तो तिथल्या तिथे एरर देऊन संपतो, आणि स्क्रिप्टने तो एरर तपासला नाही तर त्या दिवसाचा मेल गेला तो गेलाच. तालुक्याच्या गावात सकाळी नेट नसणं नवीन नाही. पोस्टफिक्स असेल तर मेल रांगेत बसतो आणि लाइन आली की आपोआप जातो. ज्या सभासदाला दंड लागणार आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. म्हणून इथे पोस्टफिक्सच ठेवा असं माझं ठाम मत आहे.

उंबरठा_७

मट ऐवजी साधी 'मेल' कमांड वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण हा धागा नंतर कुणीतरी शोधत येईलच. 'मेल' नावाने तीन निराळे प्रोग्रॅम असू शकतात, बीएसडी-मेलएक्स, जीएनयू मेलयूटिल्स किंवा एस-नेल, आणि त्यांचे ऑप्शन एकसारखे नाहीत. बीएसडी-मेलएक्समधे -ए ने जादा हेडर टाकता येतं, म्हणून नेटवर लोक -ए "फ्रॉम: अमुक" असं लिहितात. तेच एस-नेलवर चालवलं तर -ए म्हणजे फाइल जोडणं, तो 'फ्रॉम: अमुक' नावाची फाइल शोधायला जातो. त्यामुळे आधी आपल्या मशीनवर कोणता आहे ते अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज वरून बघा. पत्ता बदलायला -आर, तो तिन्हीकडे आहे, पण बारकावे त्या त्या मॅन पेजमधे वाचूनच वापरा.

शिवाय पोस्टफिक्समधे कोणताही यूजर -एफ देऊन एन्व्हलप बदलू शकतो, एक्झिमच्या मूळ सेटिंगमधे तसं नाही, तिथे साध्या यूजरने दिलेला पत्ता तो सहसा मानत नाही, 'ट्रस्टेड_यूजर्स' किंवा 'अनट्रस्टेड_सेट_सेंडर' सेट करावं लागतं. आणि हेडरमधला फ्रॉम लॉगिनशी जुळला नाही तर एक्झिम स्वतःहून 'सेंडर:' ची ओळ घालतो.

वाचनालय_सेवक

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी_शाई म्हणाले तेच निघालं, /व्हार/मेल/रूट मधे परत आलेल्या मेलचा ढीग होता, सगळे जीमेलचे, कोड ५५० ५.७.२६. वेगळा यूजर केला, सेटिंगची वेगळी फाइल केली, रिलेहोस्ट लावला, होस्टिंगच्या पॅनेलमधे डीकेआयएम बंद होतं ते चालू केलं. आज सकाळचे सगळे मेल स्टेटस=सेंट आणि शो ओरिजिनलमधे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही पास दाखवतंय. रिटर्न-पाथही सूचना@ चाच आहे.

दोन गोष्टी राहिल्यात. क्रॉनमधून गेलेल्या मेलमधे मराठी विषय आणि वाचनालयाचं नाव प्रश्नचिन्हांसारखं दिसतंय, हाताने पाठवलं की व्यवस्थित. आणि स्क्रिप्टने काही छापलं की क्रॉन स्वतः जो मेल पाठवतो (मेलटू मधे माझा बाहेरचा पत्ता दिलाय) तो आता लॉगमधे बाउन्स्ड दाखवतोय, होस्टिंगवाल्याचा सर्व्हर म्हणतो की हा सेंडर तुमच्या मालकीचा नाही.

काळी_खिडकी

वा, झपाट्याने केलंत.

मराठीचं: मेलच्या हेडरमधे सरळ देवनागरी बाइट टाकायचे नसतात, ते आरएफसी २०४७ च्या पद्धतीने एन्कोड करून जातात, मट ते स्वतः करतो, पण त्यासाठी आलेला मजकूर यूटीएफ-८ आहे हे त्याला माहीत हवं, आणि ते तो लोकेलवरून (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) ओळखतो. तुमच्या टर्मिनलवर यूटीएफ-८ लोकेल आहे, क्रॉनला ते मिळालेलं नाही म्हणून मट सगळं अॅस्की, म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, समजून चालतो आणि देवनागरीचं त्याला काय करायचं ते कळत नाही. क्रॉनटॅबच्या सगळ्यात वरती एक ओळ घाला, एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८, हे लोकेल डेबियन १२ वर तयारच असतं, काही जनरेट करावं लागत नाही. रिअलनेमचंही त्यानेच सुटेल, सेटिंगची फाइल मात्र यूटीएफ-८ मधे सेव्ह केलेली असू द्या.

क्रॉनच्या मेलचं निळी_शाई सांगतील, मी बाहेर आहे.

निळी_शाई

क्रॉनचा मेल मटमधून जातच नाही, क्रॉन थेट सेंडमेलला बोलावतो, म्हणून तुमच्या सेटिंग फाइलचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचा पत्ता लॉगिन@ऑफिस.ग्रंथालय.उदाहरण असाच राहतो आणि होस्टिंगवाला म्हणतो लॉगिन सूचना@ चं आणि सेंडर भलताच, नाही घेणार. त्याचं बरोबरच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्याही नावाने पाठवेल.

हे पोस्टफिक्समधे सोडवा, 'एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स' ने. एक फाइल करा, एका ओळीत डावीकडे रूट@ऑफिस.ग्रंथालय.उदाहरण आणि उजवीकडे सूचना@ग्रंथालय.उदाहरण, दुसऱ्या ओळीत तुमच्या नव्या यूजरचं तसंच. पोस्टमॅप चालवा, मेन.सीएफ मधे नाव द्या, रीलोड. याची चांगली गोष्ट ही की मेल मशीनबाहेर एसएमटीपीने जाताना फक्त तेव्हाच पत्ता बदलतो, एन्व्हलप आणि हेडर दोन्हीकडे. मशीनच्या आतल्या आत जाणारे मेल आहेत तसेच राहतात. 'सेंडर_कॅनॉनिकल_मॅप्स' पण सुचवतील काही जण, पण ते आतल्या मेललाही लागू होतं, तुम्हाला त्याची गरज नाही.

आता परत येणारे मेल सूचना@ च्या बॉक्समधे येतील, तर तो बॉक्स आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी उघडेल असं बघा. सभासदाने पत्ता चुकीचा दिला असेल तर तिथेच कळेल, आणि अशांना फोन करता येईल.

बदल केल्यावर तपासायला सभासदांना मेल पाठवू नका. सेंडमेल -बीव्ही आणि पुढे स्वतःचा पत्ता असं चालवा, पोस्टफिक्स खरा मेल न पाठवता रिलेच्या सर्व्हरला विचारून येतो आणि काय झालं त्याचा रिपोर्ट ज्याने कमांड चालवली त्याला मेल करतो. हे नव्या यूजरच्या लॉगिनने करा, रूटने नाही, म्हणजे क्रॉन ज्या पत्त्याने जातो तोच तपासला जाईल.